निळा डबा आणि लांबलेला क्यूटी

"ताई, तुमच्या हृदयाचा क्यूटी लांबला आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि मला वाटलं, चला, सुटलो! ब्लॉक नाही, अटॅक नाही, नुसतं काहीतरी लांबलंय. बावीस वर्षं सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळणारी बाई मी, पण त्या क्षणी इतकी अडाणी होते की चक्क हसले.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्या हातात ईसीजीची गुलाबी पट्टी होती. त्यांनी पेनाच्या टोकानं दोन जागा दाखवल्या. "इथून इथपर्यंतचा हा काळ म्हणजे क्यूटी. बायकांचा साधारण चारशे साठच्या आत असावा. तुमचा पाचशे साठ आहे." हे आकडे मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले इतके. एवढ्याशा फरकानं माणूस कोसळतो, यावर माझा विश्वासच बसेना.

मग त्यांनी नीट समजावलं. हृदय विजेवर चालतं. एक ठोका पडला की हृदयाच्या पेशींना पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार व्हायला थोडा वेळ लागतो. ही तयारी लांबली आणि ती पुरी व्हायच्या आतच पुढचा ठोका आला, की सगळी लय बिघडते. आमच्या बाबांच्या शेतातली बोरची मोटर मला आठवली. बंद झाल्याबरोबर पुन्हा बटन दाबलं की बाबा ओरडायचे, "अवं, तिले दम तं घेऊ दे!"

"काल तुम्हाला आणलं तेव्हा मॉनिटरवर आम्हाला तो बिघाड दिसला," मॅडम म्हणाल्या. "टॉर्साड म्हणतात त्याला. हृदय फडफडतं, पण रक्त पुढे जात नाही, मेंदूला मिळत नाही, माणूस बेशुद्ध होतो. तुमचं आपोआप थांबलं. दर वेळी थांबतंच असं नाही."

आता मात्र माझं हसू पार पळालं.

माझे यजमान बाजूला उभे होते. ते शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे आकडा ऐकला की त्यांना कारण लागतं. "पण काहून झालं हे?" त्यांनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, कारणं दोन प्रकारची. एक बाहेरचं. रक्तातलं पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी होणं, किंवा काही औषधं. दुसरं जन्मजात, म्हणजे घराण्यातून आलेलं. माझं पोटॅशियम कमी होतंच. साडेतीनच्या वर हवं, ते दोन पॉइंट आठ होतं. पण तेवढ्यानं क्यूटी इतका लांबावा, हे त्यांना पटत नव्हतं.

"कोणती औषधं घेता?"

"सकाळी बीपीची एक गोळी. बस."

"आणखी काहीच नाही? नीट आठवा."

"नाही."

"मग जन्मजात असण्याचा विचार करावा लागेल," त्या म्हणाल्या. "मुलं किती तुम्हाला?"

एकच. आमची स्नेहल. एकवीस वर्षांची, पोलिस भरतीची तयारी करणारी. दोन वर्षं रोज पहाटे स्टेडियमवर पळते. आधीच्या भरतीत आठशे मीटरमध्ये अगदी थोडक्यात हुकली होती. तेव्हा तीन दिवस धड जेवली नव्हती आणि चौथ्या दिवशी बूट घालून परत ग्राउंडवर गेली होती. या वेळच्या ग्राउंडची तारीख आली होती. बरोबर दहा दिवसांवर.

मॅडमनी शांतपणे सांगितलं, "काही घराण्यांमध्ये हा आजार आईकडून मुलांकडे जातो. आणि त्यातल्या काहींना पळतानाच त्रास होतो. तिची तपासणी होऊन आमची खात्री पटेपर्यंत तिनं अजिबात पळायचं नाही."

स्नेहल दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. "ठीक आहे," एवढंच म्हणाली आणि पाण्याची बाटली भरायला निघून गेली. बाटली भरलेलीच होती, हो!

आता मी तुम्हाला खरं काय ते सांगते. हे लिहायला बसले तेच मुळी यासाठी.

मी राहते अमरावतीत, नोकरी अकोल्यात. आमचं अपडाऊन आहे. आम्ही सात जणी मिळून एक गाडी लावली आहे. रोज जाऊन-येऊन चार तास एका गाडीत काढायचे म्हणजे ते दुसरं घरच. कोणाची सून कशी, कोणाचा भाऊ कसा, सगळं सगळ्यांना ठाऊक. आणि या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूच्या कप्प्यात असतो एक निळा प्लॅस्टिकचा डबा. गोळ्यांचा.

डब्याची सुरुवात माझीच. कोणाचं डोकं दुखायचं, कोणाची कंबर. वाटेत मेडिकल कुठे शोधत बसणार? म्हणून मी घरातल्या उरलेल्या गोळ्या आणून ठेवल्या. मग सगळ्याच आणायला लागल्या. कोणाला पाच दिवसांची औषधं मिळाली आणि दोन दिवसांत बरं वाटलं, की उरलेलं डब्यात. मी पडले रेकॉर्डवाली, मला पसारा सहन होत नाही. मी पाकिटं एकेका गोळीपुरती कात्रीनं कापायचे, छोट्या खाकी लिफाफ्यांमध्ये भरायचे आणि वर स्केचपेननं लिहायचे: डोकं, घसा, खाज, गजकर्ण, मळमळ, जुलाब. कापताना गोळीचं नाव तुटलं तरी बिघडत नव्हतं, लिफाफ्यावर दुखणं लिहिलेलं होतं ना! गाडीत मला सगळ्या डॉक्टरीण बाई म्हणायच्या. आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

यजमानांना मात्र डब्याचा भयंकर राग. "त्या डब्यानं एखाद्या दिवशी कोणाचा तरी जीव जाईन, पाय तू," ते म्हणायचे. मी म्हणायचे, "तुम्ही तुमची गणितं सोडवा."

तर त्या महिन्यात माझ्या अंगावर पित्त उठलं. गांधी, लाल चट्टे, खाज अशी की ऑफिसात फाइलच्या पुठ्ठ्यानं पाठ खाजवायची वेळ आली. त्याच जोडीला मांडीवर गजकर्ण. आमच्या गाडीतल्या कल्पनाला मागे अगदी हेच झालं होतं. तिनं जठारपेठेतल्या एका त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं होतं आणि तिची उरलेली औषधं डब्यात होती. मी विचार केला, तिला दिलं म्हणजे मलाही हेच देतील. खाजेची गोळी तिला रात्री एकच सांगितली होती. मला खाज जास्त, म्हणून मी सकाळी एक आणि रात्री एक घेतली. गजकर्णाची चालू केली. मग घसा धरला, म्हणून घशाच्या लिफाफ्यातली रोज एक.

त्यातच रविवारी आम्ही सगळ्या चिखलदऱ्याला गेलो. देवी पॉइंटपाशी भजी खाल्ली, मक्याची कणसं खाल्ली, आणि परतीच्या वाटेवर माझ्या पोटानं दगा दिला. उलट्या आणि जुलाब, दोन्ही एकदम. सोमवारी सुट्टी टाकली आणि मळमळीच्या गोळ्या घेतल्या. मंगळवारी अकोल्याला गेले, कारण साहेबांची तपासणी होती आणि फाइली फक्त मला सापडतात. संध्याकाळी परत येताना मूर्तिजापूरला चहासाठी गाडी थांबली. मी उतरले. छातीत धडधड झाली, एक ठोका चुकल्यासारखा वाटला, आणि पुढचं मला आठवतं ते अमरावतीच्या दवाखान्याचं छत.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढं सगळं खाल्लं होतं तर डॉक्टरांनी विचारल्यावर बोलली का नाहीस?

पहिल्यांदा विचारलं तेव्हा खरंच सुचलं नाही. देवाशपथ. औषध म्हणजे डॉक्टरनं लिहून दिलेलं, मेडिकलातून आणलेलं. डब्यातली गोळी हे औषध आहे, असं आमच्या सात जणींपैकी कोणाच्या डोक्यातच नव्हतं. ती डब्यातली!

पण दुसऱ्यांदा "नीट आठवा" म्हटल्यावर मला आठवलं होतं. लख्ख आठवलं होतं. पण यजमान शेजारी उभे होते. आता हे आयुष्यभर ऐकवणार, या भीतीनं मी "नाही" म्हटलं. वाटलं, चार गोळ्यांनी काय हृदय बिघडतंय! ही माझी चूक. अडाणीपणाची नव्हे, ताठ्याची.

बुधवार गेला. हाताला सलाईन, त्यातून मॅग्नेशियम आणि पोटॅशियम, छातीला वायरी, डोक्याशी मॉनिटर. दर थोड्या वेळानं ईसीजी. पाचशे पन्नास. पाचशे चाळीस. पोटॅशियम वर आलं, तरी क्यूटी म्हणावा तसा उतरेना. मॅडम फाइलीत बघून कपाळाला आठ्या घालायच्या. गुरुवारी सकाळी त्यांनी यजमानांना आयसीडीबद्दल सांगितलं. आयसीडी म्हणजे कॉलरच्या हाडाखाली बसवायचं यंत्र. हृदय फडफडायला लागलं की ते आतूनच झटका देऊन लय परत आणतं. "एवढ्यात ठरवत नाही," मॅडम म्हणाल्या, "पण कारण नाही सापडलं, तर बोलावं लागेल." त्यांनी माझ्या घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलं होतं का, तेही विचारलं. कोणी नव्हतं.

दुपारी कल्पना भेटायला आली. डोळे पुसत आली, तासभर बसली, गाडीतल्या सगळ्या बातम्या सांगितल्या. निघताना इकडे तिकडे पाहिलं, पिशवीत हात घातला आणि माझ्या पांघरुणाखाली काहीतरी सरकवलं.

निळा डबा!

"शीलाताई, असू द्या जवळ," ती कुजबुजली. "हे लोक टायमावर गोळी देत नाईत. डोकं-बिकं दुखलं तं घेजा. सगळ्यायनं मिळून पाठवला तुमाले."

काय बोलणार! त्या सहा जणींचं माझ्यावरचं प्रेम होतं ते. मी डबा उशीखाली लपवला. हो, लपवला. तेव्हासुद्धा मला एवढंच वाटलं की यजमानांना दिसायला नको.

चार वाजता स्नेहल आली. डबा उशीखाली टोचत होता. ती स्टुलावर बसली आणि माझ्या पायाला हात लावून म्हणाली, "आई, तू टेन्शन नको घेऊ. मी तलाठ्याचा फॉर्म भरतो म्हणतो. बसूनच काम असते त्यात." पोरी एकमेकींत बोलतात तसं भरतो-म्हणतो बोलायची तिची लहानपणापासूनची सवय. मग ती हसली. "बूट मी त्या खालच्या गल्लीतल्या रोशनीले देऊन देतो. तिचे फाटले."

बूट!

ते बूट तिनं शिकवण्या घेऊन घेतले होते. रात्री पुसून, लेस काढून, खिडकीत ठेवायची. त्या बुटांना घरात कोणी हात लावायचा नाही. आणि ती पोरगी ते देऊन टाकायला निघाली होती, कारण तिची आई आपल्या नवऱ्यासमोर "हो, खाल्ल्या गोळ्या" एवढं म्हणायला तयार नव्हती.

मला स्वतःची इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली की मी उठूनच बसले. वायरी ताणल्या गेल्या, मॉनिटर बोंबलायला लागला, सिस्टर धावत आली.

"मॅडमले बोलवा!" मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता बोलवा! अन् यायलेही बोलवा!"

मॅडम आल्या, यजमान आले. मी उशीखालून डबा काढला आणि पांघरुणावर पालथा केला. खाकी लिफाफे सगळीकडे पसरले. "हे खाल्लं मी," मी म्हणाले. "खाज, गजकर्ण, घसा, मळमळ. चारही. एकदम. कालच सांगायला पायजे होतं, पण यायच्या धाकानं बोलली नाही."

मग मॅडमनी एक लिफाफा उचलला, त्यातला कापलेला तुकडा उजेडात धरला. त्यावर शेवटची तीन अक्षरंच उरली होती. दुसरा तुकडा धरला. त्यांचे डोळे असे चमकले की काय सांगू! "ताई, याचं अख्खं नाव कुठे मिळेल?"

यजमानांनी कल्पनाला फोन लावला. तिच्या नवऱ्यानं जठारपेठेतल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. घशाच्या आणि मळमळीच्या गोळ्या ज्या दोघींनी डब्यात टाकल्या होत्या, त्यांनी घरची पाकिटं शोधून फोटो पाठवले. अर्ध्या तासात आमच्या गाडीचा ग्रुप नुसता पेटला होता. मॅडम पलंगाच्या काठावर बसून एकेक नाव मोठ्यानं वाचत होत्या. सिस्टर लिहून घेत होती. आणि माझे यजमान, जे आयुष्यभर डब्याला शिव्या देत आले, ते लिफाफे एका ओळीत लावत होते.

"खाजेची गोळी, हायड्रॉक्सिझिन," मॅडम म्हणाल्या. "ही अँटिहिस्टामिन. अ‍ॅलर्जीत शरीर हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतं, त्यानं खाज सुटते. ही गोळी त्याला अडवते. पण हृदयाच्या पेशी पुन्हा तयार होताना पोटॅशियम ज्या बारीक दारांमधून बाहेर पडतं, ती दारंही या गोळीनं थोडी अडतात. म्हणून क्यूटी लांबतो. एकट्या गोळीनं, ठरलेल्या मात्रेत, बहुतेकांना काही होत नाही. पण तुम्ही दुप्पट घेतली."

"गजकर्णाची फ्लुकोनाझोल. ही स्वतः क्यूटी लांबवते, वर दुसऱ्या काही औषधांना शरीरातून लवकर जाऊ देत नाही. घशाची अ‍ॅझिथ्रोमायसिन. मळमळीची ऑन्डानसेट्रॉन. क्यूटीवर चौघींचाही परिणाम होऊ शकतो. त्यात जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम गेलेलं. आणि बाईमाणसाचा क्यूटी मुळातच थोडा लांब असतो." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा खळखळून हसल्या. "ताई, तुम्ही काही म्हणजे काही बाकी ठेवलं नव्हतं!"

"म्हणजे जन्मजात नाही?" स्नेहलनं विचारलं.

"आता ते औषधं शरीरातून गेल्यावर कळेल. क्यूटी सरळ झाला तर मग चोर हा डबा."

त्यानंतरचे दिवस म्हणजे आमच्या घरात क्रिकेटची मॅच चालू असल्यासारखे होते. सकाळ-संध्याकाळ ईसीजी, आणि पट्टी निघाली की यजमान स्कोअर सगळ्यांना कळवायचे. शुक्रवारी पाचशे दहा. शनिवारी चारशे ऐंशी. समोरच्या पलंगावरच्या दर्यापूरच्या आजी रोज विचारायच्या, "उतरला का वं तुहा क्यूटी?" रविवारी चारशे छप्पन! सिस्टरनं टाळी दिली. सोमवारी चारशे अडतीस. मॅडमनी पट्टी मोजली, पुन्हा मोजली, आणि पेन खिशाला लावलं.

त्याच दिवशी स्नेहलची तपासणी. आधी साधा ईसीजी, तो चांगला. मग टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर पळवत पळवत ईसीजी काढायचा. पोरगी बूट घालून आली होती. लेस घट्ट बांधलेल्या. मला व्हीलचेअरवर दाराशी बसवलं होतं. मशीनचा वेग वाढत गेला, ही पळत गेली, थांबा म्हटल्यावरच थांबली. नंतरही बराच वेळ तिच्या वायरी काढल्या नाहीत, कारण पळून थांबल्यावर क्यूटी कसा वागतो हेही पाहायचं असतं. त्या दहा मिनिटांत मी किती वेळा बुद्धांचं नाव घेतलं, त्याचा हिशोब नाही.

मॅडमनी सगळे कागद समोर मांडले. "शंभर टक्के असं मी कशालाच म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण आईचा क्यूटी औषधं गेल्यावर सरळ झाला. घराण्यात कोणी अचानक गेलेलं नाही. मुलीचा साधा ईसीजी चांगला, पळतानाचा चांगला, पळल्यानंतरचाही चांगला. तिला थांबवण्याचं कारण मला दिसत नाही. पळू दे तिला."

स्नेहल ओक्साबोक्शी रडली. मग माझ्यावर भडकली. "बुधवारीच सांगतलं असतं तं एक दिवस वाचला असता माया!" बरोबर होतं तिचं. यजमान मात्र एक शब्दसुद्धा बोलले नाहीत, आणि मी आयुष्यभर ज्याला घाबरत होते ते ऐकवणं अजूनपर्यंत झालेलं नाही.

तुमच्यापैकी कोणाला खाजेची गोळी चालू असेल तर घाबरून ती फेकू नका. सगळ्या अँटिहिस्टामिन अशा नसतात. काही जुन्या गोळ्या याच कारणानं बाजारातून काढून टाकल्या गेल्या, हे मला मॅडमनीच सांगितलं. आता ज्या सर्रास देतात, त्यांतल्या बऱ्याच हृदयाला त्रास देत नाहीत. तुमची कोणती, ते तुमचा डॉक्टर सांगेल. पण त्याला सगळं सांगा. शेजारणीची, बहिणीची, उरलेली, मागच्या वर्षीची, जी पोटात गेली ती प्रत्येक गोळी औषधच असते. आणि गोळी घेतल्यावर धडधड झाली, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरी बसून वाट पाहू नका. माझ्या पर्समध्ये आता एक कागद असतो. मी कोणती औषधं घ्यायची नाहीत, त्याची यादी. दाताच्या डॉक्टरकडे गेले तरी तो कागद आधी टेबलावर.

डबा अजूनही गाडीत आहे. गोळ्या सगळ्या गेल्या, लिफाफे मी स्वतः फाडले. आता त्यात सात जणींच्या चिठ्ठ्या आहेत. कोणाला काय चालू आहे, कशाची अ‍ॅलर्जी आहे, घरचा नंबर काय. आणि मला डॉक्टरीण बाई म्हणणं बंद झालं आहे. थोडं वाईट वाटतं, पण चालतंय.

ग्राउंडच्या दिवशी मी तारेच्या कुंपणाबाहेर उभी होते. डिस्चार्ज मिळून तीनच दिवस झाले होते, यजमानांनी खुर्ची आणली होती, पण बसवतंय कोणाला! शिट्टी वाजली. आमची पोरगी पहिल्या फेरीत मधे होती, दुसऱ्या फेरीत तिनं एकेकीला मागे टाकायला सुरुवात केली, आणि मी इतकी ओरडले की शेजारचा हवालदार म्हणाला, "अवो मावशी, हळू!" तिनं रेघ ओलांडली. वेळेत. पाच सेकंद राखून!

ती धापा टाकत कुंपणाशी आली. घामानं निथळत होती, चेहरा लालबुंद. तारेतून बोटं बाहेर काढून म्हणाली, "आई, डोकं लय दुखून राह्यलं वं. एखांदी गोळी हाय का?"

आणि माझा हात, सांगते ना, सवयीनं थेट पर्समध्ये गेला. आत बोटांना ती घडी घातलेली यादी लागली. मी हात तसाच बाहेर काढला.

"नाही," मी म्हणाले. "पाणी पी. सावलीत बस. तरी नाही थांबलं तर डॉक्टरला विचारू."

ती खो खो हसायला लागली. "नाई दुखत वं डोकं," ती म्हणाली. "तुले पाहून राह्यली होती मी."